पेन्सहर्स्टचा फिलिप सिडनी

इंग्लंडच्या आग्नेय भागात केंट नावाचा परगणा आहे. या परगण्यात, मेडवे नदीच्या जवळ, हिरव्या कुरणांनी आणि ओकच्या डेरेदार वृक्षांनी वेढलेले पेन्सहर्स्ट नावाचे लहानसे खेडे आहे. खेड्याला लागूनच दगडी बांधणीचा एक प्रशस्त वाडा उभा आहे. त्याच्या भिंतींवर किल्ल्याच्या तटावर असतात तशा चर्या दिसतात. पण तो किल्ला नव्हे. आपल्याकडील गावोगावच्या गढीप्रमाणे तो जमीनदाराचा वाडा होता. आसपासची शेती, कुळे, वन आणि गुरेढोरे यांचा कारभार तेथूनच चाले.

सर जॉन डी पुल्टनी या धनाढ्य व्यापाऱ्याने चौदाव्या शतकात हा वाडा बांधला. तो चार वेळा लंडनचा महापौर झाला होता. वाड्याच्या भिंतींवर चर्या चढविण्याचा राजाचा परवाना त्याला १३४१ साली मिळाला. त्याने बांधलेला मोठा दिवाणखाना आजही पाहावयास मिळतो. त्याचे लाकडी छत सुमारे ६० फूट उंच आहे. जमिनीच्या मधोमध अष्टकोनी आगटी आहे. तिच्यात लाकडाचे ओंडके पेटवीत आणि धूर वर चढून छपरातील झरोक्यावाटे बाहेर जाई. एका टोकाला मालकाचे आसन असे. खाली लांबलचक मेजांशी चाकर, शिपाई आणि पाहुणे बसत. एकाच छपराखाली धनी आणि चाकर जेवत, असा तो काळ होता.

पुल्टनी १३४९ साली मरण पावला. त्यानंतर वाड्याचे मालक अनेकदा बदलले. राजघराण्यातील सरदार तेथे नांदले. पुढे तो बकिंगहॅमच्या ड्यूककडे आला. या ड्यूकने १५१९ साली आठव्या हेन्री राजाला येथे मोठी मेजवानी दिली. त्याचे ते वैभव राजाच्या डोळ्यांत सलले असल्यास नवल नाही. दोनच वर्षांनी, १५२१ साली, राजद्रोहाच्या आरोपावरून त्याच ड्यूकचा शिरच्छेद झाला आणि वाडा सरकारजमा करण्यात आला. भिंती जागच्या जागी राहिल्या. त्यांना आपले म्हणणारे मात्र एकामागून एक निघून गेले.

अशा या वाड्यात १५५२ साली सिडनी घराणे राहावयास आले. सर विल्यम सिडनी हा राजपुत्र एडवर्डचा विश्वासू कारभारी होता. एडवर्ड राजा झाल्यावर त्याने आपल्या या वृद्ध सेवकाला पेन्सहर्स्टची जहागीर दिली. विल्यमचा मुलगा हेन्री हा तर राजाचा बाळमित्र. एडवर्ड १५५३ साली, वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी क्षयाने गेला, तेव्हा त्याने हेन्री सिडनीच्याच हातांत प्राण सोडला. हेन्री हे ऋण कधी विसरला नाही. पुढे वाड्याच्या प्रवेशद्वारावर त्याने राजाच्या या देणगीची स्मृती दगडात कोरून ठेवली.

हेन्रीची पत्नी लेडी मेरी ही डडली या बलाढ्य घराण्यातील कन्या होती. पण एडवर्डच्या मृत्यूनंतर गादीसाठी झालेल्या झगड्यात तिच्या माहेराचा सर्वनाश झाला. १५५३ साली तिच्या वडिलांचा, आणि १५५४ च्या आरंभी तिचा भाऊ गिल्फर्ड व भावजय लेडी जेन ग्रे यांचा वध झाला. त्याच वर्षी ३० नोव्हेंबर रोजी पेन्सहर्स्टच्या वाड्यात तिला पहिला मुलगा झाला. त्या वेळी इंग्लंडच्या गादीवर मेरी राणी होती आणि स्पेनचा राजपुत्र फिलिप हा तिचा पती होता. त्याने बाळाचे धर्मपितृत्व स्वीकारले आणि त्याच्यावरूनच बाळाचे नाव फिलिप असे ठेवण्यात आले. हाच धर्मपिता पुढे स्पेनचा राजा झाला. आणि त्याच्याच सैन्याशी लढताना या मुलाला प्राण द्यावा लागला!

फिलिपच्या बालपणी घरात घडलेली एक गोष्ट त्याच्या मनावर कोरली गेली असली पाहिजे. १५६२ साली एलिझाबेथ राणीला देवी आल्या. तो रोग त्या काळी अत्यंत भयंकर मानला जाई. राणी मरते की जगते, अशी अवस्था झाली. लेडी मेरीने मात्र राणीची शुश्रूषा सोडली नाही. राणी बरी झाली. पण रोग लेडी मेरीला जडला. तिचा जीव वाचला, परंतु तिचे रूप कायमचे गेले. कामगिरीवर परदेशी गेलेला हेन्री परत आला, तेव्हा ज्या सुंदर पत्नीचा निरोप घेऊन तो गेला होता तिचा चेहरा व्रणांनी भरून गेलेला त्याला दिसला.  या सेवेचे म्हणावे तसे फळ सिडनी कुटुंबाला मिळाले नाही. हेन्रीने वेल्स आणि आयर्लंड येथे वर्षानुवर्षे राज्यकारभार सांभाळला. पण त्यात पदरचाच पैसा खर्ची पडला. १५७२ साली त्याला उमरावाची मोठी पदवी देऊ करण्यात आली. तिच्याबरोबर उत्पन्न काही नव्हते, आणि तो थाट राखण्याइतका पैसा घरात नव्हता. तेव्हा हा मान आम्हांला नको, अशी विनंती लेडी मेरीला करावी लागली.

फिलिप दहाव्या वर्षी, १५६४ साली, श्रूझबरी येथील शाळेत दाखल झाला. त्याच दिवशी फल्क ग्रेव्हिल नावाच्या मुलाचेही नाव शाळेत दाखल झाले. दोघांची जी मैत्री जुळली, ती जन्मभर टिकली. फिलिप अभ्यासू व गंभीर वृत्तीचा होता. त्याने वडिलांना एक पत्र लॅटिनमध्ये आणि एक फ्रेंचमध्ये लिहिले. वडिलांना फार आनंद झाला आणि त्यांनी मुलाला सविस्तर उत्तर धाडले. रोज प्रार्थना करावी, अभ्यासाची वेळ चुकवू नये, खाण्यापिण्यात संयम असावा, सर्वांशी नम्रतेने वागावे, बोलण्यापेक्षा ऐकावे अधिक, आणि क्षुल्लक गोष्टीतसुद्धा असत्य बोलू नये, असा उपदेश त्यात होता. आईच्या बाजूने त्याच्या अंगात थोर कुळाचे रक्त आहे, याचीही वडिलांनी आठवण दिली होती. पण त्या कुळाचे भूषण व्हावयाचे असेल तर सदाचरणानेच होता येईल. आळस आणि दुर्गुण जडले तर तो कुळाचा कलंक ठरेल, असे त्यांनी बजावले होते. पत्राच्या शेवटी आईनेही चार ओळी लिहून, हे पत्र चारपाच दिवसांतून एकदा तरी वाचीत जा, असे मुलाला सांगितले.

शाळेनंतर फिलिप काही काळ ऑक्सफर्डला शिकला. १५७२ साली तो युरोपच्या प्रवासास निघाला. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. ऑगस्ट महिन्यात तो पॅरिसमध्ये असतानाच तेथे भयंकर रक्तपात झाला. सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशी प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांची सरसकट कत्तल सुरू झाली. वृद्ध, स्त्रिया, मुले कोणीही सुटले नाही. इंग्लंडचे वकील सर फ्रान्सिस वॉल्सिंगहॅम यांच्या घरी आश्रय मिळाल्यामुळे फिलिप बचावला. धर्माच्या नावाखाली माणूस किती क्रूर होतो, हे त्याने कोवळ्या वयात पाहिले. पुढे जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, इटली आणि पोलंड अशा देशांत हिंडून, तेथील भाषा व राजकारण यांचा अभ्यास करून, १५७५ साली तो मायदेशी परतला.

विद्वत्ता, घोडेस्वारी, शस्त्रविद्या, काव्य आणि गोड स्वभाव या सर्वांचा संगम त्याच्या ठिकाणी झाला होता. १५७७ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, सम्राट रूडॉल्फ याच्याकडे राणीचा वकील म्हणून त्याला पाठविण्यात आले. आता या तरुणाच्या हातून मोठी कार्ये घडणार, असे सर्वांना वाटू लागले. परंतु तो परत आल्यावर राणीने त्याच्याकडे कोणतेही महत्त्वाचे काम सोपविले नाही. वर्षांमागून वर्षे गेली. दरबारात उभे राहावे, समारंभात घोड्यावरून भाल्यांच्या झुंजी खेळाव्या आणि कर्ज वाढत जाताना पाहावे, एवढेच त्याच्या वाट्याला आले. कर्तृत्वाची ऊर्मी असलेल्या माणसाला रिकामपण किती जाचते, हे त्या काळातील त्याच्या पत्रांवरून दिसते.

याचे एक कारण त्याचा निर्भीड स्वभाव हे होते. १५७९ साली एकदा तो टेनिस खेळत असता ऑक्सफर्डचा अर्ल तेथे आला आणि त्याने फिलिपला उद्धटपणे क्रीडांगण सोडावयास सांगितले. फिलिप हटला नाही. प्रकरण द्वंद्वयुद्धापर्यंत गेले. राणीने फिलिपला बोलावून, अर्ल आणि साधा सद्गृहस्थ यांत अंतर असते, हे समजावून सांगितले. मोठ्या पदवीमुळे दुसऱ्याचा अपमान करण्याचा हक्क प्राप्त होत नाही, अशा आशयाचे उत्तर त्याने नम्रपणे, पण ठामपणे दिले.

त्याच सुमारास राणीच्या विवाहाची बोलणी फ्रान्सच्या राजाच्या भावाशी चालली होती. पॅरिसची ती कत्तल फिलिप विसरला नव्हता. हा विवाह देशाच्या हिताचा नाही, असे पत्र त्याने थेट राणीला लिहिले. यात धोका केवढा होता, हे एका उदाहरणावरून कळेल. याच विषयावर पुस्तिका छापणाऱ्या जॉन स्टब्स नावाच्या गृहस्थाचा उजवा हात सरकारी आज्ञेने तोडण्यात आला होता. फिलिपला अशी शिक्षा झाली नाही. मात्र पुढचा बराचसा काळ त्याने दरबारापासून दूर घालविला.

तो आपली बहीण मेरी हिच्या घरी, विल्टन येथे, जाऊन राहिला. भावाबहिणीचे एकमेकांवर अतिशय प्रेम होते. बहिणीच्या मनोरंजनासाठी त्याने ‘आर्केडिया’ नावाची दीर्घ गद्यकथा लिहावयास घेतली. काव्य माणसाला केवळ रिझवीत नाही, तर चांगले वागण्याची प्रेरणा देते, हे पटवून देणारा एक निबंधही त्याने लिहिला. शिवाय ‘अॅस्ट्रोफेल आणि स्टेला’ या नावाने १०८ सुनीतांची मालिका त्याने रचली. इंग्रजी भाषेत पाठोपाठ गुंफलेल्या सुनीतांची जी परंपरा पुढे बहरली, तिची सुरुवात या मालिकेपासून झाली. नवल असे की, यांपैकी एकही ग्रंथ त्याच्या हयातीत छापला गेला नाही. स्वतःला तो लेखक समजतच नव्हता. देशासाठी काहीतरी करून दाखवावे, ही एकच तळमळ त्याच्या मनाला लागून राहिली होती.

१५८३ साली त्याचा विवाह वॉल्सिंगहॅम यांची कन्या फ्रान्सेस हिच्याशी झाला. अखेर १५८५ साली त्याला हवी होती ती संधी आली. नेदर्लंड्सचे लोक स्पेनच्या सत्तेविरुद्ध स्वातंत्र्यासाठी झुंजत होते. एलिझाबेथ राणीने त्यांच्या मदतीला सैन्य पाठविले. त्या सैन्याचा सेनापती फिलिपचा मामा, लेस्टरचा अर्ल, हा होता. समुद्रकाठच्या फ्लशिंग या शहराचा कारभार फिलिपकडे आला. तेथे पोहोचल्यावर त्याला काय दिसले? सैनिकांना पगार नव्हता, पोटभर अन्न नव्हते, अंगावर धड कपडे नव्हते. त्यांच्या पगारासाठी आणि शिध्यासाठी तो लंडनला पत्रांवर पत्रे लिहू लागला. १५८६ च्या मे महिन्यात त्याचे वडील वारले आणि पेन्सहर्स्टची मालकी त्याच्याकडे आली. ऑगस्टमध्ये आईही गेली. रणांगण सोडून त्याला घरी जाता आले नाही. ज्या वाड्यात तो जन्मला, तेथे मालक म्हणून पाऊल ठेवणे त्याच्या नशिबी नव्हते.

१५८६ च्या सप्टेंबर महिन्यात इंग्रज सैन्याने झुटफेन या शहराला वेढा दिला होता. शहरात अडकलेल्या स्पॅनिश लोकांसाठी धान्याच्या गाड्या येत असल्याची बातमी लागली. २२ सप्टेंबर रोजी पहाटे त्या अडविण्यासाठी एक लहान तुकडी निघाली. तिच्यात फिलिप होता. त्याच्याबरोबरच्या एका वयस्क सरदाराने मांड्यांवर चिलखत चढविलेले नव्हते. आपणच अधिक सुरक्षित का राहावे, असे वाटून फिलिपनेही मांड्यांवरचे चिलखत काढून टाकले, असे सांगतात. सर्वत्र दाट धुके पसरले होते. ते एकाएकी विरळ झाले आणि समोर अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठी शत्रुसेना उभी असलेली दिसली. तरीही इंग्रज स्वार तिच्यावर तुटून पडले. फिलिपचा घोडा गोळी लागून कोसळला. तो दुसऱ्या घोड्यावर चढला आणि पुन्हा चाल करून गेला. इतक्यात बंदुकीची एक गोळी त्याच्या डाव्या मांडीत घुसली आणि हाडाचा चुराडा झाला. तशाही अवस्थेत घोड्यावरून तो आपल्या छावणीकडे परतला.

पुष्कळ रक्त गेल्यामुळे त्याच्या घशाला कोरड पडली होती. त्याने पाणी मागितले. लोकांनी धावपळ करून पाण्याची बाटली आणली. ती त्याने ओठांशी नेली, तोच एका जखमी शिपायाला उचलून नेताना त्याने पाहिले. तो साधा शिपाई मृत्यूच्या दारात होता आणि त्याचे डोळे त्या बाटलीवर खिळले होते. तोंडाने मागण्याचे त्राण त्याच्यात उरले नव्हते. फिलिपने एकही घोट घेतला नाही. बाटली त्याने त्या शिपायाकडे देवविली. आपल्यापेक्षा या माणसाची गरज अधिक आहे, एवढेच तो म्हणाला. ही हकीकत त्याचा शाळेतील मित्र फल्क ग्रेव्हिल याने पुढे लिहून ठेवली. ग्रेव्हिल त्या दिवशी रणांगणावर हजर नव्हता. त्याने ती मागाहून ऐकली असावी. परंतु ज्यांना फिलिप ठाऊक होता, त्यांना ती त्याच्या स्वभावाला शोभणारीच वाटली.

जखम चिघळत गेली. पंचवीस दिवस फिलिपने असह्य वेदना शांतपणे सोसल्या. या दिवसांत त्याने मृत्युपत्र केले. नोकरांची आणि उपचार करणाऱ्यांची आठवण ठेवली, आणि आपली कर्जे फेडण्यास सांगितले. १७ ऑक्टोबर १५८६ रोजी आर्नेम या गावी त्याने देह ठेवला. तेव्हा त्याला बत्तिसावे वर्ष चालू होते. १६ फेब्रुवारी १५८७ रोजी लंडनच्या सेंट पॉल मंदिरात त्याला पुरण्यात आले. अंत्ययात्रेत सुमारे सातशे माणसे होती. त्यांत सर्वांच्या पुढे बत्तीस गरीब माणसे चालत होती. त्याच्या वयाच्या प्रत्येक वर्षासाठी एक. त्याची कबर १६६६ च्या मोठ्या आगीत मंदिराबरोबर नष्ट झाली. मात्र सिडनी घराण्याचे सायाळीचे चिन्ह असलेले, अंत्ययात्रेत नेलेले शिरस्त्राण पेन्सहर्स्टच्या वाड्यात जपून ठेवलेले आहे.

फिलिपच्या पश्चात त्याचा धाकटा भाऊ रॉबर्ट वाड्याचा मालक झाला. बहीण मेरीने भावाचे लेखन छापून प्रसिद्ध केले. त्याने बायबलमधील स्तोत्रांपैकी ४३ स्तोत्रांचे काव्यरूपांतर केले होते. उरलेली शंभराहून अधिक स्तोत्रे तिने स्वतः रचून ते काम पुरे केले. रॉबर्टच्या काळी बेन जॉन्सन नावाचा कवी पेन्सहर्स्टला येत असे. तो एका गवंड्याच्या घरी वाढला होता. त्याने या वाड्यावर एक कविता रचली. ती १६१६ साली प्रसिद्ध झाली. तीत त्याने संगमरवराची किंवा सोन्याच्या छताची स्तुती केली नाही, कारण ते तेथे नव्हतेच. या वाड्याच्या भिंती कोणाला नागवून उभारलेल्या नाहीत, आसपासचे शेतकरी येथे आनंदाने येतात आणि पाहुण्याला तेथे धन्याच्याच ताटातले अन्न मिळते, याचे त्याला कौतुक वाटले.

पेन्सहर्स्टचा वाडा आजही सिडनींच्याच वंशजांकडे आहे. बकिंगहॅमचा ड्यूक त्या दिवाणखान्यात राजाला मेजवानी देऊन गेला. पण त्याचे नाव आता इतिहासाच्या अभ्यासकांनाच ठाऊक असते. फिलिप सिडनी तेथे धनी म्हणून एक दिवसही राहिला नाही. जन्मभर तो मोठ्या पराक्रमाची वाट पाहत राहिला आणि ज्या लढाईत तो पडला, तिचा युद्धाच्या निकालावर काहीच परिणाम झाला नाही. तरीही चारशेहून अधिक वर्षे लोक त्याची आठवण काढतात, ती त्याने न प्यालेल्या एका घोट पाण्यासाठी. सदाचरणानेच कुळाचे भूषण होता येते, असे वडिलांनी शाळेतल्या मुलाला लिहिले होते. तो धडा त्या मुलाने झुटफेनच्या रणांगणावर पुरा करून दाखविला.